‘साध्या गाडीनं पोर्शला धुतलं’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. खाली अकरा सेकंदांचा व्हिडिओ. समृद्धीवर एक इलेक्ट्रिक एसयूव्ही छत उघडलेल्या रुपेरी पोर्श बॉक्स्टरच्या बाजूनं सुळकन निघून जाते आणि आतली पोरं मॅच जिंकल्यासारखी ओरडतात. व्हिडिओवर कुणीतरी मजकूर चिकटवलाय, तो असा:

“आजची कोणतीही साधी फॅमिली गाडी ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या फेरारी-पोर्शला सहज मागे टाकते. त्या गाड्यांचे आकडे म्हणजे निव्वळ जाहिरात. शून्य ते शंभर ज्याचं कमी तो वेगवान, बाकी सगळ्या गप्पा. समृद्धीवर सिद्ध झालंय. जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे पॉलिश मारलेलं भंगार. पटलं तर दहा जणांना पाठवा.”

मी कुणालाच पाठवला नाही. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे आणि गाड्यांबद्दल अर्धवट खरं बोललेलं मला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त झोंबतं. तसं हे शहर गाडीवेडं. २००१ पासून शेंद्र्यात स्कोडा ऑक्टाव्हिया जुळवली जायला लागली. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी गट करून एका दमात १५० मर्सिडीज उचलल्या, त्याची देशभर चर्चा झाली. अशा गावात हा मेसेज फिरणारच. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

“कोणतीही साधी गाडी.” इथं ‘कोणतीही’ हा शब्दच आधी काढून टाका. आजची ८२ हॉर्सपॉवरची स्विफ्ट चांगली गाडी आहे, पण उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटर गाठायला तिला बारा सेकंदांच्या वर लागतात. मेसेजवाल्याच्या मनात आहेत त्या गाड्या वेगळ्या: टर्बो पेट्रोल (इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवलेल्या) आणि मोठ्या बॅटरीवाल्या इलेक्ट्रिक. त्यांचे आकडे खरोखर डोळे विस्फारायला लावणारे आहेत. ह्युंदाई व्हेर्ना टर्बो, १६० हॉर्सपॉवर, कंपनीच्या म्हणण्यानुसार शून्य ते शंभर ८.१ सेकंद. १९८२ साली आलेली पोर्श ९४४ हेच काम ८.४ सेकंदांत करायची. म्हणजे लेकराबाळांना घेऊन तुळजापूरला जाणारी सेडान एका खऱ्याखुऱ्या पोर्शच्या पुढे. हे मान्य. महिंद्राची बीई ६ घ्या, ६.७ सेकंद. टाटाची चारी चाकं ओढणारी हॅरियर ईव्ही, ६.३. १९८० सालची पहिली फेरारी मोंडियल ८ होती २१४ हॉर्सपॉवरची; तिला हॅरियर निवांत मागे टाकेल.

पण मग १९८४ सालची पोर्श ९११ कॅरेरा बघा. इंजिन ३.२ लिटरचं, हॉर्सपॉवर २३१, शंभर गाठायला ६.१ सेकंद, कमाल वेग ताशी २४५. त्याच वर्षीची फेरारी टेस्टारोसा: ३९० हॉर्सपॉवर, ५.८ सेकंद, ताशी २९०. चाळीस वर्षांनंतरही हॅरियर ईव्ही या दोघींच्या मागेच राहते. कमाल वेगाचं तर बोलायलाच नको; आपल्या या इलेक्ट्रिक गाड्यांना कंपनीनंच २०० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली कुलूप घातलेलं असतं. तेव्हा काही जुन्या पोर्श-फेरारींना आजच्या काही गाड्या मागे टाकतात, इतकंच वाक्य उरतं. तेवढ्यावर मेसेज फॉरवर्ड होत नाही, हा भाग वेगळा.

“आकडे म्हणजे निव्वळ जाहिरात.” यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो. पूर्वी कित्येक कंपन्या इंजिन उघडं मोजायच्या. डायनामो, सायलेन्सर, एअर फिल्टर असला कुठलाच बोजा त्याच्यावर नसायचा. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचे २६५ हॉर्सपॉवर हे असलेच. गाडीत बसल्यावर त्यातले बरेच गळायचे. अमेरिकेत १९७२ पासून बोजासकट मोजायला लागले आणि एका वर्षात कागदावरचे घोडे धडाधडा कमी झाले.

मात्र जर्मन गाड्यांचे ऐंशीच्या दशकातले आकडे बऱ्यापैकी प्रामाणिक होते. प्रश्न येतो तो आज ती गाडी मोजताना. वीस-तीस वर्षं पळालेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरलेलं, कॉइल थकलेली, क्लच प्लेट घासलेली. त्यातून पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. शेतकऱ्याला त्याचे चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे, पण लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नसतात. अशी गाडी शोरूममधून कालच निघालेल्या गाडीशेजारी उभी करायची आणि म्हणायचं, बघा, आकडे खोटे होते! सत्तरीतल्या पैलवानाला आखाड्यात ओढून त्याच्या जुन्या गदेवर शंका घेण्यातला हा प्रकार.

आता मुख्य मुद्दा. “शून्य ते शंभर ज्याचं कमी तो वेगवान.” माझं खरं भांडण या वाक्याशी आहे.

इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण हजर असतो. गिअर नाहीत, क्लच नाही, चाक घसरायला लागलं की संगणक तुमच्या आधी ओळखतो. माझी बायको, मी, माझ्याकडे कामाला असलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं, तिघांनीही पाय दाबला तरी आकडा जवळपास तोच येणार. टर्बो पेट्रोलचंही थोडं तसंच. दीड हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दीड हजार फेऱ्या झाल्या की, ती ओढायला लागते. ती रुपेरी बॉक्स्टर मात्र २.७ लिटरची, टर्बो नसलेली, हाताच्या गिअरची. तिचे २४० हॉर्सपॉवर ६,४०० आरपीएमला मिळतात आणि खरा टॉर्क ४,७०० नंतर उघडतो. तीन हजारांच्या खाली ती अर्धवट झोपेत असते. आपल्याकडचा माणूस गाडी चालवतो ती मायलेजच्या सवयीनं, दोन हजार झाले की वरचा गिअर. अशा पायाखाली बॉक्स्टर म्हणजे थंड चहा. कंपनीनं तिचा आकडा ६.२ दिलाय, हॅरियर ईव्हीपेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागानं सरस. पण तो काढायला क्लच कुठं सोडायचा, दुसरा गिअर कुठं मारायचा हे पायाला आणि हाताला यावं लागतं. नवख्या माणसाकडून तिला सात-साडेसात लागले तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे त्या एका आकड्यात गाडी किती आणि माणूस किती, हेच आधी वेगळं काढावं लागतं.

आणि शंभरच्या पुढे काय? वळण आलं तर काय? थांबायचं असलं तर काय? बॉक्स्टरचं वजन १,३०० किलोच्या आत-बाहेर. या इलेक्ट्रिक एसयूव्ही दोन टनांच्या वर. सारख्याच वेगानं धावताना जड गाडीच्या पोटात दीडपटीहून जास्त ऊर्जा असते आणि थांबताना ती कुठंतरी जिरवावी लागते. एकदा जोरात ब्रेक मारला तर आजची जड गाडीही छान थांबते. रुंद टायर आहेत, मोठ्या डिस्क आहेत, मोटर स्वतःच थोडी रोखून धरते. पण दहाव्यांदा? घाटात?

हे मी एका सकाळी दौलताबादच्या किल्ल्याकडून खुलताबादला चढणाऱ्या घाटात अनुभवलंय, तेही ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात. बॉक्स्टरचे ब्रेक पॅड बदलून तपासायला नेली होती. बूड रस्त्यापासून वीतभर वर. इंजिन पाठीमागे, चाकांच्या मधोमध. स्टिअरिंग बोटभर वळवलं की नाक तेवढंच वळतं. वळणावर आपण कलंडत नाही, वळण आपल्याभोवती फिरतं. रस्त्यावरची खडी हाताला कळते. आठवड्याभरानं त्याच घाटात गिऱ्हाइकाची इलेक्ट्रिक एसयूव्ही नेली. आरामशीर, एसी गार, काही आवाज नाही. दोन वळणांच्या मधल्या सरळ तुकड्यावर ती बॉक्स्टरला नक्की गाठेल. पण वळणात शिरताना तिचं वजन आधी बाहेर जातं, मग कुरकुरत परत येतं. स्पोर्ट्स कार ही गोष्ट या मधल्या भागासाठी बनवतात. सिग्नलवरून सुटण्यासाठी नव्हे.

साध्या गाडीनं मोठ्या गाडीचं नाक कापणं यात नवं काहीच नाही, हेही सांगून टाकतो. चिमुकल्या मिनी कूपर एसनं माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली, मोठमोठ्या इंजिनवाल्यांना मागं ठेवून. १९७६ ची गोल्फ जीटीआय म्हणजे ११० हॉर्सपॉवर आणि आठशे किलोंच्या जवळपास वजन, तिनं जर्मन हायवेवर कैक श्रीमंतांना आरशात बघायला लावलं. आपल्याकडे ऑक्टाव्हियाची आरएस आली, १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर; बाहेरून सरकारी साहेबाची गाडी वाटावी आणि आतून ही आग. यातल्या मिनी आणि गोल्फकडे वजनच नव्हतं, म्हणून त्या सरळ रस्त्यावरही पळायच्या आणि वळणावरही. आजची वेगवान साधी गाडी जड आहे. ताकद वाढवून वजन झाकलंय. शून्य ते शंभरमध्ये ते झाकलं जातं, बाकी ठिकाणी उघडं पडतं.

“समृद्धीवर सिद्ध झालंय.” काय सिद्ध झालंय? समृद्धीवर कारला वेगमर्यादा १२० ची आहे. दोन्ही गाड्या ती मर्यादा झोपेतही गाठतात. मग तिथं कोण कुणाच्या पुढं गेलं याचा अर्थ एवढाच, की एकाचा पाय जास्त दाबलेला होता.

आणि या व्हिडिओपुरतं तर मला जास्तच ठाऊक आहे. रुपेरी बॉक्स्टर आमच्या भागात मला एकच माहीत आहे. तिचे मालक जालन्याचे, सळईच्या धंद्यातले. मोठं काम निघालं तर गाडी पुण्याला जाते, किरकोळ माझ्याकडे येते. त्या दिवशी ती माझ्याकडेच यायला निघाली होती. मीच त्यांना फोनवर बजावलं होतं, “शेठ, ऐंशीच्या वर न्यायची नाही, डाव्या बाजूनं सावकाश या.” कारण टायर. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. शेठनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता: १४१३. म्हणजे २०१३ चा चौदावा आठवडा. नक्षी अजून छान होती, म्हणूनच त्यांना नवे वाटत होते. गाडी पळतेच कुठं वर्षाला हजार किलोमीटर? पण मराठवाड्याच्या बारा-तेरा उन्हाळ्यांत शेडमध्ये उभं राहून रबर वाळून गेलं होतं. गाडी आल्यावर नखानं दाबून बघितलं, नख उमटेना. दोन खाचांच्या मध्ये केसाएवढ्या बारीक भेगा. सिमेंटचा रस्ता, मे महिना, दुपारची वेळ. असला टायर फुटायला निमित्तच हवं असतं. तर ज्या पोर्शला ‘धुतलं’ म्हणताय ती शर्यतीत नव्हतीच. ती दवाखान्यात निघाली होती.

व्हिडिओतली दुसरी गाडी? तीही ओळखीची. माझ्या पुतण्याची. मजकूर त्याचा नाही, व्हिडिओ मात्र त्याच्याच गाडीतून काढलेला. त्याला फोन केला.

“काका, मजा म्हणून टाकला होता. लोकांनी काय काय लिहिलं त्याला मी काय करू?”

“किती होता काटा?”

“कामून विचारता आता…”

“किती?”

“एकशे पंचेचाळीस.”

जालन्याहून सावंगीच्या इंटरचेंजपर्यंतचं अंतर पन्नासेक किलोमीटर धरा. १२० नं पंचवीस मिनिटं. १४५ नं एकवीस. चार मिनिटं वाचवून हा पोरगा माझ्या बहिणीकडे जेवायला गेला होता आणि तिथं गेल्यावर जेवण व्हायला अर्धा तास होता.

राहता राहिलं “पॉलिश मारलेलं भंगार”. ज्याला गाडी रोज ऑफिसला न्यायची त्यानं जुनी स्पोर्ट्स कार घेऊच नये, हे मीही सांगतो. पार्ट महाग, मिळायला उशीर, स्पीडब्रेकरला पोट घासतं, पावसाळ्यात आमच्या गल्लीत तर बोलायलाच नको. पण मग ते वेगाशी जोडू नका. कुणी जुनी सतार घरात ठेवली तर तिच्यापेक्षा स्पीकरचा आवाज मोठा आहे, असं आपण सांगायला जात नाही.

पुतण्या रविवारी गॅरेजवर आला, बॉक्स्टर बघायला. ती लिफ्टवर होती. नवे टायर पुण्याहून यायचे होते. शेठपण आलेले. दोघांची ओळख करून दिली. शेठ हसले, म्हणाले, “म्हणजे तो तू होतास का? हात करत होतो मी तुला, पुढे ट्रक थांबलाय म्हणून.” पोरगं ओशाळलं.

मग मी त्याची गाडी जॅकवर घेतली. वर्षाभराची गाडी, १९,००० किलोमीटर. मागच्या चाकांवर ओढणारी. नक्षी मोजायची पट्टी पुढच्या टायरमध्ये घातली: सहा मिलिमीटरच्या जवळ. मागच्यात घातली: तीन. प्रत्येक सिग्नलला दाबलेला पाय तिथं जमा झालेला होता. त्यानं पट्टी माझ्या हातातून घेतली आणि दुसऱ्या बाजूचा टायर स्वतःच मोजायला बसला.