खुलासा : शटर अर्धं उघडं ठेवलं तरी इंजिनवालं वेल्डिंग मशीन आत चालवू नका

फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "पावसात इंजिनवालं वेल्डिंग मशीन दुकानातच लावा. शटर अर्धं वर ठेवा, पंखा लावा, धूर निघून जातो." हे साफ चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

डोळ्यांना झोंबतो तो धूर. जीव घेतो तो इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू, आणि त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं. माणसाला वाटतं पित्त उठलंय, म्हणून तो तिथेच भिंतीला टेकून बसतो. मग उठायची ताकदच उरत नाही. असं काही जाणवलं तर मशीन बंद करायलासुद्धा थांबू नका, आधी उघड्यावर या.

मशीन बाहेरच हवं, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड पलीकडे. केबल लांब घ्या. पावसासाठी वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा.

"चालू इंजिनात पेट्रोल ओतलं तरी चालतं" असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. अजिबात नाही. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं की भडका उडायला वेळ लागत नाही. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, मगच टाकीचं झाकण उघडा.