कंदील, सहा एलईडी आणि आई

यंदा दिवाळीला विकतचा आकाशकंदील आणायचा नाही, मी करतो, असं घरात जाहीर करून बसलो होतो त्यामुळे आता माघार नव्हती. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सहा रंगांचे सहा एलईडी आणि २२० ओहमचे रेझिस्टर आणले, आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, कपाटात पडलेलाच होता. दिवे जोडलेल्या पिनांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी, केला, ३, ५, ६, ९, १०, ११, आणि दर अर्ध्या सेकंदाला त्यातली कुठलीही एक पिन रँडम उचलून तेवढाच दिवा लावायचा. दहा मिनिटांचं काम म्हणे.

पहिल्या रात्री निळा लागेचना. एलईडी बदलला, सोल्डर परत मारलं, दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन हुज्जत घालून आलो आणि रात्री साडेबाराला दिसलं की मी रँडम(०, ५) लिहिलंय, त्यात वरचा आकडा धरतच नाहीत, म्हणजे ० ते ४ एवढेच येणार आणि शून्यापासून मोजत पाचव्या जागेवरचा, म्हणजे शेवटचा, निळा बिचारा जन्मभर अंधारात. दुकानदाराला सॉरी म्हणायला काही गेलो नाही.

मग आईची पाळी. ती रोज सातला देवापाशी दिवा लावते आणि मग कंदिलाचं बटण दाबते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे हे पाठ झालं मला." अगं आई, रँडम आहे ते, म्हटलं. तिने बंद करून परत चालू केला आणि लाल, हिरवा, पिवळा, परत हिरवा, निळा असं रंग लागायच्या आधीच घडाघडा म्हणून दाखवलं, एक चुकला नाही. हा रँडम म्हणजे आतलं एक गणित असतं, बोर्ड चालू झाला की दरवेळी त्याच आकड्यापासून सुरू. त्यावर उपाय म्हणजे जिला काहीच जोडलेलं नाही अशी ए-झीरो पिन वाचायची, ती हवेतली खरखर पकडून ० ते १०२३ मधलं काहीतरी सांगते, तिथून सुरुवात करायची. लग्नघरात काडीचं काम न करणाऱ्या काकालाच सगळे विचारतात ना, तसं.

केलं. संध्याकाळी आई आतूनच ओरडली, "बिघडला रे, लालावरच अडकलाय!" लागोपाठ तीनदा लाल आला होता. मी समजावलं की खऱ्या रँडममध्ये सहात एकदा तोच रंग परत येणारच.

"आणि हे तू खाली उभा राहून सगळ्या सोसायटीला सांगणार का?"

शेवटी मागचाच रंग आला तर परत उचल अशी ओळ घातली, म्हणजे रँडम जरा कमीच केला. तोवर भाऊबीज उलटली होती. आई पाच मिनिटं गॅलरीत उभी राहून बघत होती.

"हां," म्हणाली, "आता कसा, कसाही लागतोय."