बादली घेऊन धावलेली मुलगी

जय ख्रिस्त सगळ्यांना. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात एका संजीवन सभेला, म्हणजे आत्मिक जागृतीसाठी घेतलेल्या सभेला, गेले होते. मोठा मांडव, साउंड असा की बसायची खुर्ची थरथरत होती, आणि वक्त्यांनी पंडिता रमाबाईंची ती केडगावची गोष्ट काढली. आपल्यातल्या बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ असेल. १९०५ साल, २९ जूनची रात्र, बाईंनी निराधार बायका-मुलींसाठी तिथे काढलेल्या मुक्ती मिशनमधल्या एका मुलीवर पवित्र आत्मा उतरला आणि तिला आपल्या अंगावर आग आल्यासारखं झालं. वक्ते ‘आग! आग!’ करून ओरडले, मांडवाने ‘आमेन’ म्हटलं, कीबोर्डवाल्याने सूर धरला. आणि पुढे गेले.

पण गोष्ट तिथे संपत नाही हो. शेजारी झोपलेल्या दुसऱ्या मुलीलाही ती आग दिसली, आणि तिने काय केलं, तर उठून पळत जाऊन पाण्याची बादली आणली. मैत्रीण पेटलीय म्हटल्यावर दुसरं काय करणार? बादली अंगावर ओतणारच होती तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही जळत नाहीये. मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी तेव्हा तिथेच होत्या, हे त्यांनी लिहून ठेवलंय. बादलीवाल्या मुलीचं नाव आपल्याला माहीत नाही आणि सभांमध्ये तिला कुणी घेत नाही, घेतलंच तर हसायला घेतात. मला मात्र त्या अख्ख्या गोष्टीत तीच आवडते.

घरी येताना रिक्षात माझी चिडचिड चालली होती. कारण सभेच्या शेवटी आमच्याच मंडळीतली एक मुलगी, असेल एकोणीस-वीसची, डोळे मिटून गप्प उभी होती, आणि एका ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, तुला अजून स्पर्श झाला नाही का गं? रडू येत नाही का? काही पाप धरून ठेवलंयस का? बिचारीचा चेहरा एवढासा झाला. मी मागच्या रांगेत होते, काही बोलले नाही, आणि ते आजही खातंय मला.

तर मग रमाबाईंच्या नावाने संजीवन मागायचंच आहे तर रमाबाई नीट बघू या ना, एवढंच म्हणणं आहे माझं.

बाईंचा बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ ला, इंग्लंडमध्ये वाँटेजला. तोवर दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेले, नंतर भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात छोटी मनोरमा. एवढं सोसलेल्या बाईने प्रभूला स्वीकारलं म्हणजे आता गोष्टीचा शेवट गोड, असं आपण साक्ष देताना धरून चालतो. त्यांनी पुढे १९०७ मध्ये स्वतःची साक्ष लिहिली आणि त्यात काय कबूल केलं बघा, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! या आठ वर्षांत बाईंनी अमेरिकाभर व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. म्हणजे आपल्या हिशोबाने बाई ‘सेवेत’ होत्या, रिपोर्ट एकदम भारी होता. आणि आत पोकळी आहे हे त्यांनी स्वतःच ओळखलं, स्वतःच लिहून छापलं. आपल्याकडे कुठल्या पाळकांनी असं सांगितलेलं तुम्ही ऐकलंय का, की गेली आठ वर्षं मी वेदीवरून बोलत होतो ते खरं पण प्रभू काही मला भेटला नव्हता? मी नाही ऐकलं. ऐकलं तर त्या मंडळीत जाऊन बसेन.

आणि बाई काही निमूट ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळच्या गॉडमदर), पत्रांतून दोघींची चांगलीच जुंपायची. क्रूसावर लॅटिनच का, लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही, असा बाईंचा सवाल. मांस-अंडं खाणार नाही म्हणजे नाही, ख्रिस्ती झाले म्हणून काय झालं. एका पत्रात तर सरळ लिहिलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे खरं, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. हे १८८५ साली, आणि ज्यांनी आसरा दिला होता त्यांनाच! आज आपल्या एखाद्या मुलीने बायबल स्टडीत दोन प्रश्न जास्त विचारले तर ‘बंडखोर आत्मा’ म्हणून तिच्यासाठी उपवास प्रार्थना लागते.

संजीवनाचंही तसंच. ती आग काही अचानक आकाशातून पडली नाही. १९०३ मध्ये बाईंनी मनोरमाला आणि मिनी एब्रम्सना ऑस्ट्रेलियाला पाठवलं, तिथे संजीवनासाठी लोक घरोघरी गट करून प्रार्थना करत होते म्हणून, ते बघायला. मग १९०४ च्या शेवटी वेल्समध्ये जागृती सुरू झाली, मार्च १९०५ ला वेल्श मिशनऱ्यांमुळे खासी टेकड्यांत. केडगावात जानेवारी १९०५ पासून बाईंनी रोज प्रार्थनेला बसायला मुली मागितल्या, सत्तर जणी आल्या, वाढत वाढत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा. सहा महिने. या मुली कोण? दुष्काळातून उचलून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या. त्यांना आधी जेवण, मग अक्षर, मग हाताला काम, आणि मग प्रार्थना.

आगीच्या दुसऱ्या दिवशी ३० जूनला बाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, तर मुली एकदम मोठ्याने रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या, सगळ्या एकाच वेळी. बाईंना बोलता येईना. आणि त्यांनी बोलणं थांबवलं.

मी हे वाक्य वाचून बराच वेळ थांबले होते. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ पदवी दिली, बारा वर्षांची असताना जिला भागवताचे १८,००० श्लोक पाठ होते, तिने दुष्काळातून आलेल्या पोरींसाठी आपलं प्रवचन अर्धवट सोडलं. माईक ओढून घेतला नाही. (माईक नव्हताच म्हणा.) नंतर मुक्तीत अन्य भाषांमध्ये, म्हणजे आत्म्याने भरून न शिकलेल्या भाषेत, प्रार्थनाही सुरू झाल्या, बाईंनी त्यांना अडवलं नाही, पण स्वतः त्या कधी अन्य भाषा बोलल्या नाहीत आणि ज्याला ती भाषा येते त्यालाच आत्मा मिळाला असं मोजमापही त्यांनी लावलं नाही. खांद्यावर हात ठेवून विचारणाऱ्या ताईंना कुणीतरी हे सांगा रे.

वेल्सच्या जागृतीचा तरुण पुढारी एव्हान रॉबर्ट्स, आधी कोळशाच्या खाणीत काम करायचा, २६ वर्षांचा पोरगा. दीड वर्ष रात्र रात्र सभा घेऊन घेऊन १९०६ मध्ये पार कोसळला, लेस्टरला एका कुटुंबाकडे राहायला गेला आणि गर्दीसमोर पुन्हा तसा कधी उभा राहिला नाही, वारला १९५१ ला. मी त्याला नावं ठेवत नाहीये, त्याच्याबद्दल वाचताना पोटात कालवतं खरं तर. पण त्याला कुणी ‘जा बाबा झोप’ म्हणणारं होतं का? केडगावात विहिरी होत्या, शेत होतं, गुरं होती, स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या, रात्री कितीही रडलात तरी सकाळी दळण होतंच. मला वाटतं त्या दळणानेच त्या पोरींना धरून ठेवलं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी वीस वर्षं प्रूफं वाचून पोट भरते. लग्नपत्रिकांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळं. त्यामुळे रमाबाईंच्या आयुष्यातला माझा आवडता भाग आगीचा नाही, प्रुफांचा आहे. बाईंनी अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, त्या भाषा त्यासाठी शिकून. कानांनी तरुणपणीच दगा दिलेला, त्यापायी डॉक्टर व्हायचं राहिलं होतं. छापखाना मुक्तीतच, आणि खिळे जुळवणाऱ्या कोण, तर त्याच मुली. विचार करा, जिला काल अक्षर येत नव्हतं ती शिशाचे खिळे एकेक करून उलट्या अक्षरांत शास्त्रवचन जुळवतेय, काना इथे, मात्रा तिथे, जोडाक्षर वेगळ्या घरात. मी कॉम्प्युटरवर बसून ‘ऱ्हस्व-दीर्घ’ करताना वैतागते. त्या मुलींनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत हे केलंय, आणि प्रत्येक पानाचं प्रूफ शेवटी बाईंच्या हातात.

आणि त्यांनी भाषा कशी ठेवली? सोपी. खेड्यातल्या बाईला कळेल अशी. जन्मभर ज्या संस्कृतावर मान मिळाला ते संस्कृत शब्द त्यांनी वेचून बाहेर काढले, कारण त्या शब्दांबरोबर जुने अर्थ चिकटून येतात असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही, स्पष्ट सांगते. काही ठिकाणी वाक्य अडखळतं, वाचताना ठेच लागते, आणि आपल्या मंडळ्यांनी ते भाषांतर काही उचललं नाही, आपण सगळे बायबल सोसायटीचंच वाचतो. म्हणजे बाईंचं सगळ्यात मोठं काम ‘सक्सेसफुल’ झालं नाही म्हणा ना. उलट संजीवनाबद्दल मिनी एब्रम्सनी लिहिलेलं छोटंसं पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचलं आणि तिथे १९०९ ला जागृती झाली. आता यात फळ कुठलं आणि फुकट गेलं कुठलं, मला नाही ठरवता येत.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळिशीची, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. आणि बाई पुन्हा प्रुफांना बसल्या. तब्येत पार ढासळलेली. सांगतात की शेवटी त्यांनी प्रभूकडे फक्त दहा दिवस मागितले, प्रुफं संपवायला. संपवली. ५ एप्रिल १९२२ ला झोपेतच गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ ला, त्यांनी बघितलंच नाही.

मला कुणी विचारलं की आत्मिक वाढ म्हणजे काय, तर मी त्या आठ-नऊ महिन्यांकडे बोट दाखवेन, लेकीला पुरून आलेली म्हातारी ‘इकार चुकला’ म्हणून खूण करतेय. त्यात घाम आहे, डोळे दुखणं आहे, आणि मांडवातून कुणी आमेन म्हणत नाहीये. आम्हा प्रूफ वाचणाऱ्यांचं असंच असतं, काम चांगलं झालं तर कुणाला कळतही नाही, चूक राहिली तरच फोन येतो.

हे सगळं डोक्यात घोळत होतं म्हणून मागच्या शनिवारी पुणे-दौंड लोकलने केडगावला जाऊन आले, एकटीच. काही खास झालं नाही. ऊन होतं. परत येताना स्टेशनवर कणीस खाल्लं.

आल्यावर त्या मुलीला फोन केला, ती सभेतली. आधी माफी मागितली, मी मागे बसून गप्प राहिले म्हणून. ती म्हणाली, जाऊ द्या ना काकू. मग मी म्हटलं आपल्या मंडळीची स्मरणिका छापायला जायचीय, माझ्याकडे प्रुफं पडलीत, येतेस का मदतीला, दोन डोळे जास्त असले की बरं. रविवारी उपासनेनंतर आली. ओट्यावर कांदेपोह्यांची बशी बाजूला सरकवून पहिलं पान समोर ठेवलं, ते मी दोनदा वाचून टिक केलेलं होतं. मी पुढची पानं लावत होते. दोन मिनिटांत तिने पेन्सिल मागितली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, काकू, हे ‘पिवत्र आत्मा’ झालंय.