नकटीच्या नाकाला सतराशे सल्ले

शस्त्रक्रियेने नाक नीट करून घ्यायचं मनात आलंय ना? उत्तम. फक्त निर्णय स्वतः घेऊ नका, तो मामीवर सोपवा. मामी दादरच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी लग्नात भेटतेच. मसालेभाताचा घास हातात तसाच धरून, डाव्या हाताने तुमची हनुवटी उजेडाकडे वळवून ती म्हणेल, "रंग आईचा घेतलास गं, नाक तेवढं आत्याचं आलं." मग ती जिलबीकडे वळेल. तुम्ही मात्र ते वाक्य पुढची दहा वर्षं जपा. काही वेंधळी माणसं असली वाक्यं चपला शोधताना हॉलबाहेरच विसरून येतात. त्यांच्या हातून पुढे काही घडत नाही.

पुरावा हवा असेल तर विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसून सेल्फी काढा. शेजारणीचं कोपर बरगडीत असल्याने हात लांबवता येत नाही, फोन फूटभरावरच राहतो. इतक्या जवळून नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली गणित मांडून दाखवलं. म्हणजे खोट अंतरात आहे. पण फोन लांब धरायला पैसे पडत नाहीत, आणि फुकटच्या औषधाने गुण येतो का कधी? तेव्हा नाकच कमी करावं.

मैत्रिणीला विचारू नका. आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय असते, इतरांना सुलट्या. आणि सवयीचं तेच गोड वाटतं. 1977 साली यावर प्रयोग झाला, तेव्हा बहुतेकींनी स्वतःचा आरशातला चेहरा निवडला आणि मैत्रिणींनी खरा. मैत्रीण "छान तर आहे" असंच म्हणणार. तिला काय कळतंय, ती तुम्हाला रोज बघते! त्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलंच नाही अशा, फिल्टर लावून बसलेल्या परक्या चेहऱ्यांशी रात्री दीडपर्यंत तुलना करा. (पुरुष वाचकांनी हसू नये. नाकाच्या जागी टक्कल वाचावं.)

घरचे विरोध करतील. त्यांना इतिहास ऐकवा. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याकडच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. 1794 साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं आणि तिकडचे सर्जन थक्क झाले. आता कावसजीला नाकच नव्हतं आणि तुम्हाला ते आहे, एवढ्या बारीकसारीक फरकावर बोट ठेवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

डॉक्टर चांगले असतील तर पंचाईत. ते विचारतात, "हे कशासाठी? कुणी काही म्हणालं का?" इथे मामीचं नाव काढू नका. "स्वतःसाठीच" असं ठणकावून सांगा. बोरिवली ते अंधेरी सराव केलात तर आवाज कापणार नाही. त्यांनी पुढे विचारलं, की दिवसातून किती वेळा आरसा बघता, नाकापायी कुठे जाणं टाळता का, तर समजा की ते तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडायच्या बेतात आहेत. शरीरातल्या नसलेल्या किंवा नगण्य दोषाने झपाटून जाण्याचा एक आजार आहे, आणि त्यात शस्त्रक्रियेने सहसा समाधान होत नाही. बोच नाकावरून उठून हनुवटीवर जाऊन बसते. असा डॉक्टर लगेच बदला. ईएमआयचा तक्ता आधी पुढ्यात ठेवणारा कुणीतरी सापडेलच. विम्यावर विसंबू नका. भाजलेल्या, अपघातात चेहरा गेलेल्या माणसाचा खर्च मिळू शकतो, मामीने केलेल्या जखमेचा नाही.

सूज पुरती उतरायला वर्षभर लागू शकतं. तोवर मामीच्या धाकट्या मुलाचं लग्न निघेल. हॉल तोच, मसालेभात तोच. नाक पुढे करून तिच्यासमोर उभे राहा. ती डोळे बारीक करून बघेल, आणखी जवळ येईल आणि म्हणेल, "चष्म्याची फ्रेम बदललीस का गं? शोभतेय हो." तेव्हा डोळ्यांत पाणी आणू नका. तिला फ्रेमचं दुकान सांगा आणि मठ्ठा वाढायला घ्या.