‘धानवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ४७ डिग्रीचं ऊन आणि टॉवरवरून जाणारी उष्णता

धानवाला भाऊ,

राईस मिलमधल्या वीज-वाफेच्या प्लँटला हीट पंप (विजेवर चालून कोमट पाण्यातली उष्णता वरच्या डिग्रीवर चढवणारं यंत्र) जोडून वाया जाणारी उष्णता परत घ्यावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं, “मे महिन्यात आमच्याकडे पारा ४७ वर जातो, आम्हाला उष्णतेची काय कमी? एसीत बसून लिहिणं सोपं असतं.”

मत पटलं नाही तर नाही, पण ही बोलायची कोणती रीत झाली? माझे वडील आमगावकडच्या एका उसना (उकड्या तांदळाच्या) मिलमध्ये बॉयलरवर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी भट्टीपाशी जायचो, तेव्हा भुशाच्या राखेनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मला एसीचं सांगू नका.

आता तुमचं वाक्य. ४७ डिग्रीच्या हवेनं धान भिजवायच्या हौदातलं पाणी ७० वर जात नाही. मैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न-संशोधन संस्थेनं उसन्यासाठी जी गरम पाण्याची पद्धत बसवून दिली, तिच्यात धान साधारण ७० डिग्रीच्या पाण्यात तीन-चार तास ठेवतात. थंड पाण्यात एक-दोन दिवस लागतात, धान आंबतं आणि तो वास ताटातल्या भातालाही येतो. नुसती उष्णता भरपूर असून भागत नाही, ती हव्या त्या डिग्रीवर लागते.

कंडेन्सरमध्ये टर्बाइनच्या वाफेचं पाणी होतं, तेव्हा तिची उष्णता थंड पाणी उचलतं आणि ४० डिग्रीच्या आसपास कूलिंग टॉवरवरून हवेत सोडतं. टॉवरजवळ उभं राहिलं की अंगावर ओलसर ऊब येते ना, तो बॉयलरमध्ये जाळलेला तुमचाच भुसा चाललेला असतो. हेच पाणी हीट पंपाला दिलं की कॉम्प्रेसर ती उष्णता ८० वर चढवतो. एवढ्या चढाला कमाल गुणोत्तर, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, ८.८ निघतं, प्रत्यक्षात निम्मं धरा. म्हणजे एक युनिट विजेत चार युनिट उष्णता, सुमारे ३,४०० किलोकॅलरी. किलोभर भुसा साधारण तेवढीच देतो, आणि त्यातलीही बरीच चिमणीतून जाते. उन्हाळ्यात टॉवरचं पाणी जास्त गरम येतं, चढ कमी होतो, वीज कमी लागते. तुमचं ऊन माझ्याच बाजूनं बोलतंय.

पंपाला वीज मात्र छतावरच्या सोलरची हवी. छोट्या टर्बाइनची वीज त्यात घालणं परवडत नाही, हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

फिनलंडच्या हेलसिंकीत कात्री वाला नावाच्या उष्णता केंद्रात २००६ पासून शुद्ध केलेल्या सांडपाण्यातली उष्णता हीट पंपानं उचलून घरं तापवतात. ते पाणी आपल्या टॉवरच्या पाण्याहून कितीतरी थंड असतं, तरी जमतं.

लेखातली आकृती मोबाईलवर वाचता येत नाही, हे तुमचं खरं आहे. मोठी करून टाकतो. मेकॅनिक कुठून आणायचा, सुटे भाग, कर्जाचा हप्ता, यावर इथे बोलत बसत नाही. नवीन यंत्र आलं की हे प्रश्न निघतातच, आणि त्यांची उत्तरंही निघतात.

तुमची मिल असेल तर टॉवरवर चढणाऱ्या पाण्यात थर्मामीटर घाला आणि आकडा इथे लिहा. त्यावर मी हिशेब करून देतो. पुन्हा एसी काढणार असाल तर उत्तर देणार नाही.