जगातल्या बेस्ट स्ट्रायकरला सल्ला द्यायचाय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा, मॅच बघायची नाही. मॅच बघितली की मत बनायला नव्वद मिनिटं जातात आणि एवढं करून ते मत नॉर्वेची फुटबॉल स्ट्रायकर (म्हणजे गोल मारायचं काम असलेली) आडा हेगरबर्ग हिच्या बाजूने झुकायचा धोका असतो, मग सल्ला कुणाला देणार?

बालपण फार उगाळू नका. सुनडालसोरा नावाचं नॉर्वेतलं छोटंसं गाव, आईवडील दोघंही फुटबॉलवाले, थोरली बहीण आंद्रीनेही खेळाडू. म्हणजे "घरातच होतं हो सगळं" म्हणून मोकळं व्हायचं. 16 वर्षांची असताना कोलबॉट्न क्लबकडून खेळताना तिने नॉर्वेच्या टॉप लीगमध्ये सात मिनिटांत तीन गोल मारले, हे कुणी काढलंच तर समोरचा डिफेन्सच ढिसाळ होता म्हणा. कुठल्याही गोलला चालतं हे वाक्य, पाठ करून ठेवा.

आता मेन विषय. 3 डिसेंबर 2018, पॅरिस. बायकांना पहिल्यांदाच बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या बेस्ट फुटबॉलरचा किताब, मिळणार, पुरुषांना तो 1956 पासून मिळतोय, पण घाई कशाला करायची ना. 23 वर्षांची आडा स्टेजवर येते, ट्रॉफी घेते, जगभरातल्या पोरींना सांगते की स्वतःवर विश्वास ठेवा. आणि तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे डीजे मार्टिन सोल्व्हेग विचारतात, ट्वर्किंग येतं का? म्हणजे कंबर हलवून दाखवतेस का. पोरगी बघायला आलेल्या मंडळींनी पोहे चापता चापता "गाणं येतं का गं" विचारावं तसं. ती "नाही" म्हणाली आणि वळली. नंतर सोल्व्हेगसाहेबांनी माफी मागितली, गंमत होती म्हणे. तर लक्षात घ्या, बाईने त्या सीझनला चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, 15 गोल मारले असले तरी प्रश्न कंबरेवरच यायला हवा. त्याच रात्री पुरुषांची ट्रॉफी क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचने घेतली, त्याला कुणी कंबर हलवायला सांगितलं नाही, बिचाऱ्याचा चान्सच गेला.

पुढचा सल्ला देशप्रेमाचा, हा हुकमी एक्का आहे. 2017 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, नॉर्वे तिन्ही मॅच हरली, एकही गोल नाही. त्यानंतर आडा म्हणाली की नॉर्वेचं फुटबॉल फेडरेशन बायकांच्या फुटबॉलला सिरियसली घेत नाही, तयारी नीट नसते, मी देशाकडून नाही खेळत. इथे तुम्ही लगेच "पैशासाठी" असं टाइप करायचं. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की मुद्दा नुसत्या पैशाचा नाही, पण पूर्ण वाक्य ऐकायला आपल्याला वेळ कुठाय. त्याच ऑक्टोबरमध्ये नॉर्वेत पुरुष आणि महिला टीमला सारखे पैसे द्यायचं ठरलं, आणि त्यासाठी पुरुष खेळाडूंनी स्वतःच्या वाट्यातले 5,50,000 क्रोनर (नॉर्वेचं चलन) सोडले. हे मात्र तुमच्या फार कामाचं आहे, "आता मिळाले ना पैसे, मग ये की गप परत!" ती आली नाही. म्हणजे पैशाचं कारण नव्हतंच की काय, असला विचार मनात आला तर पाणी प्या, जाईल.

2019 मध्ये तर तुमची दिवाळीच. मे महिन्यात बुडापेस्टला चॅम्पियन्स लीग फायनल, लियॉन या तिच्या फ्रेंच क्लबकडून बार्सिलोनाविरुद्ध 16 मिनिटांत हॅटट्रिक, पहिल्या हाफमध्येच खेळ खल्लास. पुढच्याच महिन्यात वर्ल्डकप फ्रान्समध्ये, त्याची फायनलसुद्धा लियॉन शहरातच, तिच्याच क्लबच्या स्टेडियममध्ये, आणि ही बाई टीममध्येच नाही! नॉर्वे क्वार्टर फायनलला इंग्लंडकडून 3-0 हरली. याचं खापर कुणावर फोडायचं हे मी सांगायला हवं का? फेडरेशनचं नाव चुकूनसुद्धा घ्यायचं नाही, ती मोठी माणसं असतात.

जानेवारी 2020 मध्ये गुडघ्याचं एसीएल (सांधा धरून ठेवणारं लिगामेंट) गेलं, मग नडगीच्या हाडाला फ्रॅक्चर, जवळजवळ वीस महिने मैदानाबाहेर. तेव्हा "संपली" असं लिहून टाकायचं आणि 2022 मध्ये तिने ट्यूरिनच्या फायनलला बार्सिलोनाविरुद्धच गोल मारून सहावी चॅम्पियन्स लीग जिंकली की गुपचूप डिलीट करायचं. त्याच वर्षी ती देशाकडून परत आली, कोसोव्होविरुद्ध हॅटट्रिक मारली. कोसोव्होच ना, असं म्हणा. (वर पाठ केलेलं वाक्य आठवलं का?) मग तीन महिन्यांनी युरोमध्ये इंग्लंडने नॉर्वेला 8-0 धुतलं, तेव्हा मात्र "समोर कोण होतं" हा प्रश्न अजिबात विचारायचा नाही.

आणि 2025 चा युरो, जिनिव्हा, इटलीविरुद्ध क्वार्टर फायनल. कॅप्टन आडा पेनल्टी बाहेर मारते. थोड्याच वेळात तीच बरोबरीचा गोलही मारते. मग नव्वदाव्या मिनिटाला इटलीची जिरेल्ली हेडर घालते आणि नॉर्वे घरी. तुम्ही पेनल्टीचीच क्लिप सेव्ह करा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. गोलवाली कुणी मागितली तर नेट स्लो आहे म्हणायचं.