येणेबाकीच्या व्ह्यूवरच्या तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. अडत दुकानाची येणेबाकी, म्हणजे खरेदीदारांकडून यायची राहिलेली रक्कम, डेटाबेसमधून काढण्यावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. अडत दुकानातल्या दिवाणजींच्या हाती व्ह्यू, म्हणजे डेटाबेसमधली ठरावीक अटींची यादी, बनवणं दिलं की गोंधळच होणार, त्यापेक्षा महिन्याला एक्सेलची फाइल काढून द्यावी, हा एक. माझी येणेबाकीची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चुकली आहे, हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे.

सौदे आणि जमा ही टेबलं मी लेफ्ट जॉइनने (जमा नसली तरी सौद्याची ओळ ठेवणाऱ्या जोडणीने) जोडली आणि 'जमा तारीख ३१ मार्चपर्यंत' ही अट व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, घातली. ज्या खरेदीदाराने एक रुपयाही दिलेला नाही, त्याच्या ओळीत जमा तारीख नल, म्हणजे रिकामी, असते. नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही नाही. व्हेअर मात्र खरी ठरलेलीच ओळ ठेवतं. म्हणजे ज्याची सगळी रक्कम अडकली आहे, तोच यादीतून गळाला. येणेबाकीच्या यादीत याहून वाईट चूक नाही. तुमच्यामुळे पुन्हा तपासताना दुसरीही सापडली: पैसे दोन हप्त्यांत आले की सौद्याची रक्कम दोनदा धरली जात होती. आता तारखेपर्यंतच्या जमेची सौदा क्रमांकानुसार आधी बेरीज करतो, मग ती लेफ्ट जॉइनने जोडतो. जमा नसेल तिथे कोअलेसने (नलच्या जागी दुसरी किंमत देणाऱ्या फंक्शनने) शून्य धरतो, नाहीतर वजाबाकीही नलच येते.

एक्सेलचं मात्र पटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असताना शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीसाठी, समोर उभा असतो. दिवाणजींना 'राजापुरी हळद, दहा पोत्यांच्या वर, पंधरा दिवस उलटलेले' एवढंच आणि त्याच क्षणी हवं असतं. साधा व्ह्यू म्हणजे जपून ठेवलेली क्वेरी. उघडला की ताजा आकडा देतो. मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे निकालच साठवून ठेवणारा, पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून आहे, पण रिफ्रेश करेपर्यंत तो जुनंच दाखवतो, म्हणून इथे घेतला नाही.

आणि दिवाणजी क्वेरी लिहीत नाहीत. रकाना, अट आणि अटीतली किंमत (जसं 'पंधरा दिवस') निवडतात. किंमत पॅरामीटर म्हणून, क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी, जाते, रकान्याचं नाव ठरलेल्या यादीतूनच घेतलं जातं, आणि डेटाबेसच्या त्या लॉगिनला फक्त वाचायची परवानगी आहे. सारख्या नावाचे दोन व्ह्यू वेगळे आकडे देतील, ही तुमची भीती खरी आहे. म्हणून प्रत्येक व्ह्यूच्या डोक्यावर त्याची अट आता दिसते.

लेखातली क्वेरी बदलली आहे. तपासायला तीन सौदे घाला: एक पैसाच न आलेला, एक मार्चमध्येच दोन हप्त्यांत फिटलेला, एक १ एप्रिलला जमा झालेला. ३१ मार्चला पहिल्याची आणि तिसऱ्याची पूर्ण रक्कम बाकी दिसली पाहिजे, मधल्याची शून्य.